लसीकरणोत्तर हृदयस्नायुदाह आणि हृदयप्रतिमांचे वाचन : एक चिकित्सा

कोविड लसीमुळे तरुणांच्या हृदयाला सूज येते काय, या प्रश्नाच्या उत्तरादाखल बहुधा परदेशातील एखादी हृदयप्रतिमा पुढे केली जाते. गारखेडा येथील विभागीय क्रीडा संकुलात पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या तरुणाला ही चर्चा केवळ तात्त्विक नाही. हृदयस्नायुदाहाचे निदान झाल्यास तीन ते सहा महिने कठोर व्यायाम वर्ज्य करण्याचा सल्ला दिला जातो. म्हणजे एक भरती हातची जाऊ शकते.

इस्राएल व अमेरिकेतून 2021 मध्ये पुढे आलेल्या नोंदी मुख्यत्वे एमआरएनए लसीच्या दुसऱ्या मात्रेनंतर काही दिवसांत आजारी पडलेल्या किशोरांच्या व तरुण पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्रात बहुसंख्यांनी घेतलेल्या कोविशील्ड व कोव्हॅक्सिन या लसी त्या जातीच्या नव्हेत. पुण्याच्या जेनोव्हाची एमआरएनए लस जून 2022 मध्ये मंजूर झाली, तोवर मुख्य लसीकरण उरकले होते.

सर्वाधिक गाजला तो 2023 मध्ये 'रेडिओलॉजी' या नियतकालिकातील जपानी अभ्यास. लस घेतलेल्या 700 व न घेतलेल्या 303 व्यक्तींच्या पेट-सीटी प्रतिमा त्यात ताडून पाहिल्या गेल्या. लसवंतांच्या हृदयस्नायूत किरणोत्सारी साखरेचे शोषण अधिक आढळले, मध्यक 4.8 विरुद्ध 3.3. आकड्याविषयी तक्रार नाही, त्याच्या प्रचलित अर्थाविषयी आहे. या प्रतिमा अन्य आजारांच्या तपासणीसाठी काढलेल्या होत्या. निरोगी हृदयही साखर शोषते आणि ते प्रमाण उपवास व आहारानुसार बदलते. (हृदयदाह शोधावयाचा असल्यास रुग्णास आधी पिष्टमय पदार्थ वर्ज्य करावयास सांगतात, हे वादपटू क्वचितच सांगतात.) शोषण म्हणजे दाह नव्हे.

दाहाचा अधिक विश्वसनीय पुरावा एमआरआय देतो. 2009 चे लेक लुईस निकष 2018 मध्ये सुधारण्यात आले. त्यांनुसार टी-टू प्रतिमेत पाण्याची सूज, आणि टी-वनमध्ये किंवा गॅडोलिनियमनंतर उशिरा उजळणाऱ्या भागात स्नायूची इजा, अशा दोन्ही खुणा जुळल्यास निदान बळकट होते. कालांतराने सूज ओसरते, उजळ पट्टा मात्र राहू शकतो. केवळ त्यावरून दाह चालू असल्याचे म्हणता येत नाही; तो क्षुल्लक ठरवणेही घाईचे होईल. शिवाय लसीपूर्वीची प्रतिमा उपलब्ध नसेल, तर तो पट्टा लसीचा की खुद्द कोविड संसर्गाचा, हे एकटे चित्र सांगू शकत नाही.

दुसऱ्या पक्षाचे वाचनही असेच सैल आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 मधील अभ्यासाने 18 ते 45 वयोगटातील, कारण न उलगडलेल्या आकस्मिक मृत्यूंचा 47 रुग्णालयांतून मागोवा घेतला. लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. हा निष्कर्ष मोलाचा आहे, पण तो मृत्यूविषयीचा, मुलाखती व नोंदींवर आधारलेला आहे. छातीत दुखून रुग्णालयात गेलेल्या आणि ट्रोपोनिन वाढूनही इकोचा अहवाल स्वच्छ घेऊन घरी परतलेल्या तरुणाच्या हृदयाविषयी त्यातून काहीच कळत नाही. त्याला एमआरआय हवा, आणि तोही सूज ओसरण्यापूर्वी.