बेण्णा, बेणाकटक आणि वैनगंगा : एका नदीनामाची चिकित्सा

भंडारा जिल्ह्याच्या प्राचीनत्वाचा विचार निघाला की ‘बेणाकटक’ हे नाव पुढे येते. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातील लेखात गौतमीपुत्र सातकर्णीस ‘बेणाकटकस्वामी’ म्हटले आहे; बेणा म्हणजे वैनगंगा; सबब वैनगंगेचे खोरे हा त्या राजाचा मूळ प्रदेश होय, अशी ही अनुमानसरणी. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या अधिकाराने तिला वजन आले, आणि पुढे स्थानिक लेखनात ती सिद्धान्ताप्रमाणे वावरू लागली. तथापि या साखळीतील सर्व दुवे सारखेच बळकट नाहीत.

वाकाटककालीन पुरावा निःसंशय भक्कम आहे. द्वितीय प्रवरसेनाच्या तिरोडी ताम्रपटात बेण्णाकटाच्या पश्चिम भागातील कोसंबखंड हे गाव दान दिल्याचा उल्लेख आहे, आणि तिरोडीच्या परिसरात कोसंबा हे गाव आजही आहे. त्याच राजाच्या सिवनी ताम्रपटात ‘बेण्णाकार्पर’ भाग येतो. ताम्रपटांची स्थाने, ग्रामनामे आणि नदीचा ओघ ही तिन्ही येथे एकमेकांस दुजोरा देतात. सिवनी जिल्ह्यात मुंडारानजीक उगम पावून बालाघाट, गोंदिया व भंडारा या प्रदेशांतून दक्षिणेकडे जाणारी नदी हीच वाकाटकांची बेण्णा, हे मान्य करण्यास हरकत नाही.

नाशिकच्या लेखाची गोष्ट वेगळी. वैजयंतीच्या सैन्याच्या विजयी छावणीतून सुटलेली ही आज्ञा गोवर्धनचा अमात्य विण्हुपालित यास आहे, आणि विषय तेथीलच भिक्षूंना द्यावयाच्या शेताचा. मूळ लेखात ‘बेणाकटक’ शब्दाच्या लगत आधी ‘गोवर्धनाचा’ अशा अर्थाचे षष्ठ्यन्त पद आहे. एमील सेनार यांनी ते ‘बेणाकटका’कडे जोडून गोवर्धन प्रांतातील बेणाकटक असा अन्वय लावला. हा अन्वय स्वीकारला तर बेणाकटक नाशिकजवळच शोधावे लागते. शिवाय ‘कट’ आणि ‘कटक’ हे शब्द एकच मानण्याची घाई का? कटक म्हणजे सैन्याचा तळही. नामसादृश्य हा पुरावा नव्हे, पुराव्याचा आरंभ होय. सातारा जिल्ह्यात वेण्णा आहे, वर्धा जिल्ह्यात वणा आहे. त्यांचेही दावे असेच मांडता येतील.

महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दिग्विजयप्रसंगी वेणातटाच्या अधिपतीचा निर्देश कोसलाधिपतीच्या शेजारी आणि कांतारकांच्या, म्हणजे अरण्यवासीयांच्या, निकट येतो. हा क्रम वैनगंगेस अनुकूल आहे. नाशिकच्या लेखापेक्षा अधिक अनुकूल, असेही म्हणता येईल.

पौराणिक वैभव मात्र या नदीस उतारावर लाभले. मार्कंडा येथे ती उत्तरेकडे वळते म्हणून तेथे तीर्थ. पुढे वर्धेशी मिळून ती प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्यात ज्या प्रणीतासंगमाची कथा आहे, तो हाच. प्रणीता हे यज्ञातील जलपात्राचे नाव. ‘वेणुगंगा’ ही व्युत्पत्तीही अशाच संस्कृतीकरणाच्या हौसेतून आलेली दिसते. ‘बेण्णा’ हे रूप ताम्रपटांत असताना बांबूच्या बनात शिरण्याचे प्रयोजन नाही.

भंडाऱ्यास एका बिरुदाच्या आधाराची तशी गरजही नाही. पवनी येथे 1969–70 मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीचा स्तूप उघडकीस आला. ब्राह्मी दानलेख मिळाले, नामलेखासह मुचलिंद नागाचे शिल्प मिळाले. भार राजा भगदत्त आणि महाक्षत्रप रूपिअम्म यांचे लेखही पवनीचेच. जाजल्लदेवाच्या 1114 सालच्या रतनपूर लेखात वैरागर, लांजिका व भाणार ही मंडले आहेत. वैरागड, लांजी व भंडारा ही तिन्ही स्थळे वैनगंगेच्या खोऱ्यात पडतात. नदीने बांधलेल्या प्रदेशाचा याहून स्पष्ट साक्षीदार कोणता?

राहिलेला पुरावा काठावरच्या लोकांच्या तोंडी आहे. डोह, उतार आणि संगम यांची ढीवरांच्या बोलीतील नावे कोणत्याही कोशात एकत्र आलेली नाहीत. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयाखाली पवनीच्या वरची काठावरील अनेक गावे गेली, आणि त्यांबरोबर नावांची स्थळेही. पुनर्वसित वस्त्यांतून ही नावे जाणणारे वृद्ध आज भेटतात. बेणाकटकावर आणखी एक निबंध लिहिण्यापूर्वी त्यांच्याकडे जाणे अधिक निकडीचे आहे.