‘जोर’ केव्हापासून? : पुरुषांच्या स्तनशस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामसल्ल्याचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

‘छाती ठोकून सांगणे’, ‘छाती फुगणे’, ‘छातीचा कोट करणे’ या वाक्प्रचारांतून मराठी भाषेने पुरुषाचे धैर्य, अभिमान आणि संरक्षणाची जबाबदारी या एकाच अवयवाकडे सोपविलेली दिसते. त्यामुळे ज्या पुरुषाच्या छातीत स्तनग्रंथींची वाढ होते, त्याला शरीराबरोबर भाषाही परकी वाटू लागते. ‘गायनेकोमास्टिया’ ही वैद्यकीय संज्ञा ‘स्त्री’ व ‘स्तन’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून बनलेली आहे. म्हणजे रोगाच्या नावातच लाजेचे बीज आहे. हा विकार नवा नाही. इ. स. च्या ७व्या शतकात पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्याने त्यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन केले होते. अशा शस्त्रक्रियेनंतर रुग्णास सामान्यतः ज्या व्यायामविषयक सूचना मिळतात, त्यांचा एक संहिता म्हणून विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संहितेचे स्वरूप

या सूचनांचा साचा बहुधा ठरलेला असतो. पहिल्या दिवसांत सावकाश चालावे, काही आठवडे दाब देणारा घट्ट अंगरखा वापरावा, दोन-तीन आठवड्यांनी हलका व्यायाम सुरू करावा आणि छातीचा व्यायाम चार ते सहा आठवड्यांनंतर, शल्यचिकित्सकाच्या संमतीने, कमी वजनापासून करावा. हा सल्ला योग्यच आहे. आक्षेप आहे तो त्याच्या निवेदनपद्धतीवर. तेथे केवळ दिनदर्शिका असते, कारणमीमांसा नसते. परिणामी वाचक तिच्याकडे शिक्षेची मुदत म्हणून पाहतो, आणि मुदत कमी करून घेण्याचा मोह स्वाभाविक ठरतो.

मौनाच्या जागा

पहिले मौन कारणांविषयी आहे. स्तनग्रंथी छातीच्या स्नायूवर असते आणि शस्त्रक्रियेत सामान्यतः तो स्नायू कापला जात नाही. म्हणूनच ‘स्नायू शाबूत आहे, मग थांबायचे कशाला?’ असे रुग्णास वाटते. परंतु ग्रंथी व चरबी काढल्यावर त्वचा आणि स्नायू यांच्यामध्ये पोकळी उरते. हे थर पुन्हा परस्परांना चिकटावे लागतात. स्नायू जोराने आकुंचन पावला की ते एकमेकांवर घसरतात, रक्तदाब वाढतो आणि रक्त किंवा द्रव साचण्याची भीती निर्माण होते. शिवाय त्वचेची जखम तीन आठवड्यांच्या सुमारास मूळ ताकदीच्या जेमतेम २० टक्के आणि तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के ताकद मिळवते. ‘सहा आठवडे’ या शब्दांमागील हा अर्थ कळला, तर थांबणे ही शिक्षा न राहता उपचाराचा भाग होईल.

दुसरे मौन सांस्कृतिक आहे. सूचनांत ‘बेंच प्रेस’चा उल्लेख असतो, ‘जोर’ या शब्दाचा क्वचितच. तालमीची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात अनेक तरुण वजनांना ‘व्यायाम’ समजतात, तर घरच्या घरी काढलेले जोर त्यांना निरुपद्रवी सवय वाटतात. वास्तविक जोर काढताना शरीराचा मोठा भार हात व छातीवरच येतो.

तिसरे मौन सर्वांत गंभीर आहे. व्यायामाने चरबी घटते, ग्रंथी विरघळत नाही. उलट, खालचा स्नायू वाढल्यास वरची ग्रंथी अधिक उठून दिसू शकते. शरीर पिळदार करण्यासाठी घेतलेल्या अॅनाबॉलिक स्टिरॉइडांपैकी काहींचे शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते व त्यातून हाच विकार उद्भवू शकतो. शस्त्रक्रियेनंतर व्यायामाकडे परतणारा तरुण त्याच औषधांकडे परतला, तर विकारही परतण्याचा संभव असतो. याबद्दल सूचनापत्र बोलत नसेल, तर ते अपुरेच म्हणावे लागेल.

पुरुषत्वाची चौकट

पोप, फिलिप्स व ऑलिव्हार्डिया यांच्या ‘द अॅडोनिस कॉम्प्लेक्स’ (२०००) या ग्रंथाने पुरुषांची देहविषयक अस्वस्थता चर्चेत आणली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्याचा भर स्नायूंच्या ध्यासावर आहे. येथे विचारात घेतलेल्या तरुणाची इच्छा त्याहून साधी असते. त्याला पिळदार दिसायचे नसते, चारचौघांत सदरा काढता यावा एवढेच हवे असते. ‘व्यायाम केव्हापासून?’ या त्याच्या प्रश्नात ‘मी पुरुष केव्हापासून?’ हा प्रश्न दडलेला असतो, आणि त्याचे उत्तर आठवड्यांत देता येत नाही.

निष्कर्ष

सूचनापत्राने मुदतीबरोबर कारण सांगावे, जोरांचा नावानिशी उल्लेख करावा आणि स्टिरॉइडांविषयी स्पष्ट इशारा द्यावा. याबाबत महाविद्यालयांवरही जबाबदारी येते. पौगंडावस्थेत ही वाढ अनेक मुलांत दिसते आणि बहुतेकांत वर्षा-दोन वर्षांत आपोआप ओसरते, ही माहितीही वर्गापर्यंत पोचत नाही. खांदे आवळून शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, जिमखान्याकडे न फिरकणाऱ्या विद्यार्थ्यास आपण आळशी ठरवून मोकळे होतो. त्याला ‘छाती काढून चाल’ असे सांगण्यापूर्वी तो ती का लपवितो, याचा विचार शिक्षकाने करावयास हवा.