कॅलिप्सोचे दोन दरबार

कॅलिप्सोबद्दल एक वाक्य फार वेळा ऐकू येतं: स्पर्धा आल्या, सरकार आलं आणि गाणं बोथट झालं. आज मला या वाक्याशी भांडायचं आहे. निम्मंच, कारण निम्मं ते खरं आहे.

त्रिनिदादमध्ये गुलामगिरी संपल्यावर कार्निव्हलच्या दिवसांत काठ्यांच्या लढती होत. त्यांना कालिंदा म्हणत. प्रत्येक गटाचा एक मुख्य गायक असे. आपल्या गड्याला चेव आणायचा आणि समोरच्याची खिल्ली उडवायची, हे त्याचं काम. कॅलिप्सोच्या अनेक मुळांपैकी हे एक मोठं मूळ. म्हणजे चुरस या गाण्यात नंतर कुणी आणून घातलेली नाही, ती त्याच्या जन्मापासून आहे. आणि सरकार? तेही आधीपासून होतंच, फक्त पोलिसाच्या वेशात. १९३४च्या कायद्याने गाण्यांवर पहारा बसवला. बक्षीस देणारं सरकार फार नंतरचं.

ते कसं आलं, बघा. १९५६ साली ‘माइटी स्पॅरो’ हा विशीतला गायक ‘जीन अँड डायना’ गाऊन कॅलिप्सो किंग झाला. अमेरिकन सैनिक तळांवरून परतल्यावर गिऱ्हाइकं गमावलेल्या बायकांवरचं हे गाणं. चावट आहेच, पण त्यात एका अख्ख्या शहराचा हिशेब आहे. राजाला बक्षीस मिळालं ४० डॉलर! त्याच कार्निव्हलमधल्या सौंदर्यराणीला याच्या कितीतरी पट, आणि त्या राण्या बहुधा गोऱ्या किंवा उजळ वर्णाच्या घरांतल्या. स्पॅरोने बहिष्कार घातला, बहिष्कारावरच गाणं केलं. एरिक विल्यम्स यांचं सरकार नुकतंच आलं होतं. १९५७मध्ये कार्निव्हलसाठी सरकारी समिती नेमली गेली. स्पर्धेत सरकार शिरलं त्यामागे कलावंतांनी मजुरीसाठी केलेलं भांडण होतं. हे विसरून ‘सरकारीकरण’ म्हणत नाक मुरडणं मला पटत नाही.

आता गंमत अशी की स्पॅरो स्पर्धेबाहेर असतानाच, १९५८ साली, त्याला ‘रोड मार्च’ मिळाला. हा वेगळा मान. इथे परीक्षकांच्या आवडीनिवडीला जागा नाही. रस्त्यावरच्या मिरवणुकांनी जे गाणं सगळ्यात जास्त वेळा वाजवलं, ते जिंकलं. नुसती मोजणी! आणि ते गाणं कशावर होतं? पगारातून प्राप्तिकर कापण्याच्या नव्या सरकारी पद्धतीवर, तेही तिची बाजू घेणारं. बहिष्कार घालणारा माणूस कराची तरफदारी करतोय आणि लोक त्यावर नाचतायत. ‘कॅलिप्सो म्हणजे सत्तेचा विरोध’ हे सूत्र इतकं सरळ कधीच नव्हतं.

तर दरबार दोन: एक बसून ऐकणारा, एक चालता चालता. पहिला शहाणा आणि दुसरा उथळ असं कुणाला वाटत असेल तर कॅलिप्सो रोझकडे पाहा. रोड मार्च जिंकणारी पहिली स्त्री, १९७७. परीक्षकांनी तिला मुकुट दिला १९७८मध्ये. रस्त्याने त्यांना एका वर्षाने मागे टाकलं होतं. मग ‘किंग’ हा शब्दच अडचणीचा झाला, आणि किताबाचं नाव ‘मोनार्क’ झालं.

पण रस्त्यावर तिसरं कडवं कुणी ऐकत नाही, हेही खरं. १९७९चा विजेता ब्लॅक स्टालिन. त्याचं ‘कॅरिबियन मॅन’ हे बेटांच्या एकीचं गाणं, आणि ती एकी तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या समान इतिहासावर उभी करतो. त्रिनिदादमध्ये तेव्हा सुमारे ४० टक्के लोक भारतीय वंशाचे, १८४५पासून करारावर आणलेल्या मजुरांचे वंशज. त्यांनी विचारलं, मग आम्ही कोण? वाद जोरात पेटला. माझ्या मते गाणं थोर आहे आणि आक्षेपही बरोबर आहे. असा वाद व्हायला लोकांना बसून शब्द ऐकावे लागतात. ती सोय स्पर्धेनेच केली.

त्याआधी काही वर्षं लॉर्ड शॉर्टीने ढोलक आणि धनताल कॅलिप्सोत आणले होते. भारतीय शेजाऱ्यांमध्ये वाढलेला माणूस तो. कॅलिप्सो बिघडवला म्हणून त्याला बोलणी बसली. त्यातूनच सोका हा प्रकार घडला.

मग बोथट झालं हे निम्मं खरं कुठे? माझं उत्तर: फाळणीत. १९५६चं स्पॅरोचं गाणं दोन्ही दरबारांत जिंकलं होतं. १९८६ साली डेव्हिड रडर एकाच हंगामात मोनार्कही झाला आणि रोड मार्चही घेऊन गेला. तेव्हाच्या गायकाला दोन्हीकडे हजेरी द्यावी लागे. १९९३पासून सोकाची वेगळी मोनार्क स्पर्धा सुरू झाली, आणि विचार करणारं गाणं एका मांडवात, नाचवणारं दुसऱ्या मांडवात अशी वाटणी पक्की होत गेली. सोकाचा सगळ्यात मोठा तारा मशेल मोंटानो २०२४ साली कॅलिप्सो मोनार्क झाला तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. मला मात्र प्रश्न पडला की यात नवल वाटण्याची वेळ का यावी.