अल्पसाथ आणि शब्द : रॅप व जात्यावरची ओवी

भूमिगत हिप-हॉपमधील काही रचनांत वाद्यांची साथ इतकी विरळ असते की, ते काव्य अपुरे राहिले आहे, असा ग्रह होणे स्वाभाविक होय. हा ग्रह तपासून पाहणे अगत्याचे आहे.

न्यूयॉर्कच्या ब्राउन्सव्हिल भागातील 'का' (मृत्यू २०२४) हा अग्निशमन दलातील अधिकारी होता. 'ग्रीफ पेडिग्री' (२०१२) ह्या संग्रहाचे शब्द त्याचे आणि संगीतही त्याचेच. त्यात तालवाद्यांचा ठोका पुष्कळदा जवळजवळ लोपतो. मग तालाचे काम यमकाला करावे लागते.

ह्या तत्त्वाचा दाखला आपल्याकडे जुना आहे. शिरूर तालुक्यातील रांजणगावापासून महाराष्ट्रभर, पहाटे दळताना बाया गात त्या ओवीला घरघरीवाचून साथ नव्हती. घरघर अखंड असते. चरण कोठे तुटावा हे श्वास आणि यमक ठरवितात. भेद एवढाच की, जात्याचा नाद श्रमातून आपोआप उपजतो, तर 'का'ची विरळ साथ बुद्धिपुरस्सर निवडलेली आहे.

हेमा रायरकर व गी प्वातवँ ह्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्या नुसत्या वाचल्या तर कित्येक साध्या वाटतात. ध्वनिमुद्रण ऐकताच त्यांचा तोल ध्यानी येतो. पिठाच्या गिरणीने जाते थांबविले असल्याने हे ऐकणे आता अधिकच निकडीचे आहे. अल्पसाथ ही काव्याची उणीव नसून कसोटी होय; आणि ती कसोटी कानानेच लावावी लागते.