दोन सूर्यास्त

सदरमधील एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत परवां दोन छायाचित्रांवरून वाद रंगला. दोन्हीं पचमढीस धूपगडावरून, पांच-दहा मिनिटांच्या अंतरानें टिपलेलीं. भिंतीवर जागा मात्र एकालाच.

पहिल्यांत आकाश पेटलेलें आहे आणि डोंगर निव्वळ काळा. दुसऱ्यांत रंग ओसरला आहे. पण जवळच्या वालुकाश्माच्या चिरा, दरींतील झाडी आणि एकामागें एक फिकट होत गेलेल्या सातपुड्याच्या रांगा स्पष्ट दिसतात. मंडळींचा कौल पहिल्यास पडला. आमच्या मतें तो चुकला. पहिलें चित्र चिखलदऱ्याचें म्हणून दाखविलें, तरी कोणी हरकत घेणार नाहीं; वस्तुतः तेथील डोंगर काळ्या बेसाल्टचे! स्थळ बदलूनही जें चित्र खपतें, तें त्या स्थळाचें चित्र नव्हे.

१८६६ सालीं सॅम्युअल बोर्न यानें हिमालयांतील मणिरंग खिंडींत, १८,६०० फुटांवर, ओलें रसायन माखलेल्या कांचांवर अवघीं तीन छायाचित्रें घेतलीं. त्याला निवड कांच माखण्यापूर्वींच करावी लागे. आपण शेंकडों टिपतों आणि घरीं येऊन निवडतों. मग जें प्रथम डोळ्यांत भरतें, तेंच उत्तम वाटतें.

प्रकृतीमुळें सहलीस जाऊं न शकलेल्या स्नेह्यांच्या मातोश्री पहिल्या चित्रास “छान” म्हणाल्या. दुसऱ्यापाशीं मात्र त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “त्या शेवटच्या रांगेपलीकडे गांव आहे का रे?” ज्यांच्यासाठीं चित्र आणलें, त्यांना डोंगरापर्यंत कोणतें नेतें, हें याहून निराळें काय सांगावें?