तीन ओळींमागची बैठक

शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. ते ऋण मानूनच पुढचे लिहितो आहे. त्यांच्यामागून हायकूंचे पीक उदंड आले. तीन ओळी, त्यांतल्या दोहोंचे यमक, आणि खिडकीशी बसलेला एकटा कवी! हा एकटेपणा जपानी समजून आपण त्याचे कौतुक करतो. पण मूळचा हायकू एवढा एकटा होता काय?

बाशो १६४४ साली जन्मला. आपले तुकोबा वैकुंठाला गेले १६५० साली, तेव्हा तो लहान मूल होता. जपानात तोकुगावा शोगुनांचा अंमल होता. सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी अशी समाजाची उतरंड; ज्याने त्याने आपली पायरी सांभाळावी. आज ज्याला आपण हायकू म्हणतो, ते त्या काळी साखळीकाव्याचे पहिले कडवे असे. त्याला म्हणत होक्कू. चारचौघे बैठकीला बसत. पाहुण्याने सतरा उच्चारांचे होक्कू म्हणावे, यजमानाने त्याला दोन ओळी जोडाव्यात, तिसऱ्याने धागा पुढे न्यावा. सामुराईशेजारी व्यापारी बसे, आणि दोघांची ओळख काव्यनामाने! होक्कूत त्या दिवसाच्या ऋतूची खूण हवीच. यमकाची मात्र गरज नसे. थोडक्यात, होक्कू म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या दाराशी केलेला नमस्कार. ‘हायकू’ हे नाव रूढ केले मासाओका शिकीने, तेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

बाशोने झेन साधना केली, भिक्षूसारखे मुंडण केले. परंतु १६८९ साली तो उत्तरेच्या लांब वाटेला लागला तो शिष्य सोरा याला बरोबर घेऊन. गावोगाव त्याच्यासाठी अशा बैठका जमत.

आमच्या काटेवाडीला हे परके वाटू नये. तुकोबांची पालखी येते तेव्हा परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. ऋतू, पाहुणा, यजमान, नमस्कार — सारे तिथे आहे. नाही ते आपल्या हायकूत! आपण तीन ओळी आणल्या, बैठक मात्र तिकडेच राहिली. म्हणून कित्येक हायकू सुबक असूनही कुणाशी बोलत नाहीत. पान गळते, दव सुकते. ते कोणत्या गावचे, कुणासाठी, हे कळत नाही.

वाचकहो, दिवाळीला घरी पाहुणे येतीलच. फराळ झाल्यावर एकाने तीन ओळी म्हणाव्यात, दुसऱ्याने दोन जोडाव्यात. यमक चुकले तरी चालेल. बैठक मोडू नये, एवढेच.