महिकावतीची बखर व उमेळ्याचा इतिहास

राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ उत्तर कोकणच्या इतिहासाचे बहुमोल साधन होय. तथापि वसईजवळील उमेळ्यासारख्या लहान गावाचा इतिहास केवळ तीवरून लिहू नये, असे आम्हांस वाटते. बखर एकहाती नसून निरनिराळ्या काळच्या प्रकरणांचा संग्रह आहे. तिचा ओढा राजवंश व कुळांचा मान यांकडे. उलट, १५३४ साली वसई मिळविलेल्या पोर्तुगीजांचा १५५४ चा ‘तोंबो’ महसुलाचा. तेथे कुळाभिमान नाही, परंतु रयत दिसते ती धाऱ्यापुरतीच. ही दोन्ही साधने १७३९ नंतरच्या मराठी दप्तराशी ताडावीत. घरोघरचे जुने कागद संग्राहकांनी वाळवीच्या आधी गाठले, तरच गावचा माणूस इतिहासात येईल.